सगळं एकाच कंपनीचं घेऊ का, ताई?

"ताई नमस्कार. मी डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो, वय 41, आयटीत आहे. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि ऑफिसातल्या दोन मित्रांच्या नादाने शूटिंग रेंजवर जायला लागलो. आवडलं. आता हळूहळू स्वतःचं कलेक्शन करायचंय, साधारण पाच गन. घरासाठी एक पिस्तूल, जवळ बाळगायला एक लहान, नऊ वर्षांच्या पोराला शिकवायला .22 (बारीक गोळीची), एक शिकारीची रायफल आणि एक शॉटगन. माझा स्वभाव असा की घरात सगळं एकाच कंपनीचं लागतं, म्हणजे स्पेअर पार्ट, सर्व्हिस, सवय सगळं एका जागी. एक मित्र म्हणतो ग्लॉक सोडून बघूच नको, दुसरा म्हणतो स्मिथ अँड वेसन, दुकानातला माणूस म्हणाला रुगर. एकच ब्रँड घ्यायचा तर कुठला? बायकोला हे फारसं पटलेलं नाही, पण ती नाही पण म्हणाली नाही. ता.क. मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का?"

अरे बाबा, अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ता.क. मध्ये टाकलीस! (ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नको.) डावखुऱ्याला फरक पडतो, आणि बराच पडतो, पण आधी तुझ्या एकाच कंपनीच्या वेडाचं बघू, कारण ते वेड मला चांगलं ओळखीचं आहे.

आमच्या वडिलांनी कोल्हापुरात पहिलं कपाट गोदरेजचं घेतलं आणि मग ठरवूनच टाकलं, कुलूप गोदरेजचं, फ्रिज गोदरेजचा, शेवटी केस काळे करायची पावडर पण गोदरेजची. कपाट अजून आहे, कुलूप पण आहे, केसांचं काय झालं ते विचारू नको. सांगायचं इतकंच की नाव एक असलं तरी कपाट करणारे हात वेगळे आणि पावडर करणारे वेगळे, आणि बंदुकीत तर हे फारच होतं. पिस्तूल चांगली करणाऱ्या कंपनीला शॉटगन जमेलच असं अजिबात नाही.

तुझ्या त्या मित्राच्या ग्लॉकपासून सुरू करू. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ डॉइच-वाग्राम नावाचं गाव आहे, तिथे गॅस्टन ग्लॉक नावाचा माणूस चाकू, फावडी असलं सामान सैन्याला करून द्यायचा, त्याने त्याआधी कधी पिस्तूल बनवलेलं नव्हतं, आणि 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचंच पिस्तूल घेतलं. आता तुझं जे म्हणणं आहे ना, एकदा हाताला सवय लागली की सगळं सारखं चालावं, ते या तिघांत खरोखर कोणी जमवलं असेल तर ग्लॉकने. सगळी मॉडेल्स सारखीच चालतात, सारखीच उघडतात, 17 नंबरच्या मॉडेलचं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) लहान 19 मध्ये बसतं, आणखी लहान 26 मध्ये पण बसतं (थोडं खाली लोंबतं, पण चालतं). पण तुझ्या पाचातल्या रायफल, शॉटगन आणि पोराची .22 रायफल या तीन गोष्टी दुकानात ग्लॉकच्या नावाने मिळतच नाहीत. .22 चं पिस्तूल आहे त्यांचं, पण नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी पिस्तूल देऊ नये, रायफल लांब असते, नळी कुठे वळली ते तुला लगेच दिसतं, पिस्तूल मनगट वळलं की वळलं. म्हणजे ग्लॉक दोनच गोष्टींना पुरतं.

स्मिथ अँड वेसन म्हातारी कंपनी, 1852 पासूनची. रिव्हॉल्व्हर त्यांचेच, एम अँड पी पिस्तूल पण छान, त्याच नावाची .22 रायफल आहे. 2007 मध्ये थॉम्पसन सेंटर ही कंपनी विकत घेऊन शिकारीच्या रायफलीत उतरले होते, 2021 मध्ये त्यातून बाहेर पडायचं जाहीर करून टाकलं. आता 2024 पासून लिव्हर-ॲक्शन रायफल (ट्रिगरखालचा दांडा खाली-वर करून गोळी भरायची) करतायत आणि काडतुसं भरायला दोन नळकांडी असलेली एक विचित्र दिसणारी शॉटगन पण आहे, पण ती कबुतरांमागे घेऊन फिरायची वस्तू नाही.

आणि या कंपनीची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ब्रँडवर जीव लावणाऱ्यांनी ती ऐकलेली बरी. मार्च 2000 मध्ये त्यांनी क्लिंटन सरकारशी एक करार केला, कुलूप लावून गन विकू, विक्रेत्यांवर अटी घालू वगैरे. पिढ्यानपिढ्या स्मिथ वापरणाऱ्या लोकांनी एका रात्रीत पाठ फिरवली, असा बहिष्कार घातला की विक्री कोसळली. ज्या ब्रिटिश कंपनीने 1987 मध्ये 112.5 मिलियन डॉलर मोजून स्मिथ अँड वेसन घेतली होती तिने 2001 मध्ये 15 मिलियन रोख घेऊन आणि कर्ज नव्या मालकाच्या गळ्यात घालून ती विकून टाकली. आज तेच लोक पुन्हा तीच पिस्तुलं घेतायत. करार बरा का वाईट ते जाऊ दे. पण तू आज ज्या नावाशी लग्न लावायला निघालायस ते नाव दहा वर्षांनी कोणाच्या घरात नांदत असेल ते तुझ्या हातात नाही.

रेमिंग्टनचं बघ ना. 1816 पासूनची कंपनी, 2018 आणि 2020 असं दोनदा दिवाळं निघालं आणि लिलावात तुकडे तुकडे होऊन विकली गेली. कोल्ट आता झेक लोकांकडे आहे, 2021 पासून. विंचेस्टरची न्यू हेवनची फॅक्टरी 2006 मध्ये बंद पडली, आज विंचेस्टर 94 ही अस्सल काउबॉय रायफल जपानमधल्या मिरोकू कारखान्यात तयार होते (आणि उत्तम होते, माझी काही तक्रार नाही). मार्लिनची तर आणखी मजा. रेमिंग्टनने मार्लिन घेतली, जुना कारखाना बंद केला, जुने कारागीर गेले, आणि पुढे निघालेल्या रायफलींना लोक कुत्सितपणे रेमलिन म्हणायला लागले. नाव तेच, शिक्का तोच, लाकूड नीट बसलेलं नसायचं, नेम धरायची साइट तिरकी. मग 2020 च्या लिलावात रुगरने मार्लिन उचलली, नॉर्थ कॅरोलिनात नव्याने बनवायला घेतली आणि आता पुन्हा लोक रांग लावतात. एकाच नावाखाली पंधरा वर्षांत तीन वेगळ्या प्रतीचा माल!

तर रुगर. दुकानदार तुला विकायचं म्हणून बोलला असेल, पण चुकीचं नाही बोलला. पाचपैकी जास्तीत जास्त खाने कोण भरतं असं बघितलं तर रुगरच. 1949 मध्ये बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी कनेक्टिकटमधल्या साउथपोर्टला स्टर्मच्या 50 हजार डॉलरवर सुरू केली, पहिला माल .22 चं पिस्तूल. दोनच वर्षांत स्टर्म गेला, तेव्हा रुगरने शिक्क्यावरचा लाल गरुड काळा केला, तो बराच काळ काळाच राहिला. मला हा किस्सा उगाचच आवडतो. 1964 ची त्यांची 10/22 रायफल म्हणजे इथल्या पोरांची बालवाडी, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, तीन-चारशे डॉलरच्या आसपास येते, सुटे भाग जिकडे तिकडे. शिकारीसाठी रुगर अमेरिकन आहे, दिसायला काही खास नाही पण गोळी जिथे पाठवशील तिथे जाते. पिस्तुलं आहेत, लहान एलसीपी आहे, रिव्हॉल्व्हर आहेत. लेखी वॉरंटी ते देतच नाहीत, पण बिघडलेलं परत पाठवलं तर दुरुस्त करून देण्यात त्यांचं नाव चांगलंय. 1973 च्या आधीच्या जुन्या सिंगल-ॲक्शन (दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायच्या) रिव्हॉल्व्हरना सेफ्टीचा एक पार्ट ते अजून फुकट बसवून देतात.

फक्त शॉटगन अडते. रेड लेबल नावाची दोन नळ्यांची सुंदर गन होती त्यांची, ती बंद केली, परत आणली, परत बंद केली. आणि साधी पंपाची शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायची), जी तुझ्या कामाची, ती रुगरकडे नाहीच. म्हणजे एकच ब्रँड हा हट्ट असेल तर उत्तर रुगर, आणि शॉटगनपाशी हट्ट सोडायचा.

पण थांब, मला तुझ्या त्या "सवय एका जागी" वर यायचंय, कारण इथेच बहुतेक लोक फसतात, मी पण फसले होते. तुला वाटतं कंपनी एक म्हणजे खटके एका जागी. रुगरच घे. 10/22 ला सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) म्हणजे ट्रिगरच्या कड्याच्या पुढच्या बाजूला आडवं बटण. अमेरिकन रायफलला तीच सेफ्टी वर, अंगठ्याखाली, मानेवर सरकणारी. मिनी-14 या त्यांच्या रायफलला कड्याच्या पुढे, बोटाने ढकलायची. जीपी100 रिव्हॉल्व्हरला सेफ्टीचा खटकाच नाही. एकाच घरातली चार भावंडं आणि चौघांचे चार स्वभाव! उलट मॉसबर्ग 500 ही शॉटगन घे, परकी कंपनी, पण तिची सेफ्टी अगदी रुगर अमेरिकनसारखी वर मानेवर, अंगठा आपोआप तिथेच जातो. म्हणजे तुझ्या हाताच्या दृष्टीने रुगरची रायफल आणि मॉसबर्गची शॉटगन या सख्ख्या बहिणी, आणि रुगरची रुगर सावत्र. रिव्हॉल्व्हरमध्ये पण असंच, गोळ्यांचा सिलिंडर उघडायला स्मिथचा खटका पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा, रुगरचा आत दाबायचा. शांतपणे रेंजवर उभं असताना हे सगळं सोपं वाटतं, पण घाबरल्यावर बोट जुन्याच जागी जातं.

म्हणून मी सांगेन की नावापेक्षा खटका कुठे आहे ते जुळव आणि गोळी कुठली लागते ते जुळव. रुगरची पीसी कार्बाइन म्हणून 9 एमएमची रायफल आहे, तिच्यात आतला एक तुकडा बदलला की चक्क ग्लॉकची मॅगझिन चालतात. इतकंच काय, 2024 च्या डिसेंबरात रुगरनेच आरएक्सएम नावाचं पिस्तूल आणलं जे ग्लॉकची मॅगझिन खातं! म्हणजे ज्या भिंती तू घालायला निघालायस त्या कंपन्यांनी स्वतःच पाडल्यात. घरात 9 एमएम, .22, बारा बोअर आणि रायफलची एक गोळी, चारच डबे ठेव. तुझं पॉकेट पिस्तूल .380 चं घेतलंस की पाचवा डबा आला, आणि तो महागही असतो.

आता डावखुरेपणा. 10/22 चं रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, तू डाव्या खांद्यावर धरणार म्हणजे ते तुझ्या नाकासमोरून जाणार. चष्मा घालच (सगळ्यांनीच घालायचा, पण तू जास्त), शर्टाची वरची गुंडी लाव, तापलेलं पितळ गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो आणि नाचताना हातातली गन कुठेही वळते, ते खरं धोक्याचं. आडव्या बटणाची सेफ्टी उजव्यांसाठी बसवलेली असते, तुला बोट वळवून दाबायला लागेल. वर मानेवरची सेफ्टी मात्र दोन्ही हातांना सारखीच, म्हणून तर रुगर अमेरिकन आणि मॉसबर्ग तुला दुप्पट योग्य. बोल्ट (गोळी भरायचा दांडा) डाव्या बाजूला असलेली रायफल मिळते पण रुगरमध्ये ती निवडक गोळ्यांमध्येच येते, सॅव्हेजकडे डावखुऱ्यांची यादी मोठी असते, तेव्हा दुकानात सॅव्हेज 110 पण एकदा हातात घेऊन बघ, ब्रँडचा हट्ट तिथे तुझ्याच मुळावर येईल. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर डावीकडे उघडतो, तुला ते आयुष्यभर उलटंच वाटणार, त्यामुळे सोड. घरासाठी ग्लॉकची पाचवी पिढी घेतलीस तर स्लाइडचा (वरच्या सरकणाऱ्या भागाचा) खटका दोन्हीकडे आहे आणि मॅगझिन सोडायचं बटण काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. हे सगळं वाचून तुझ्या लक्षात आलंच असेल की तुझ्या पाचात मी तीन-चार कंपन्या घुसवल्यात.

आणि मी काही नवीन सांगत नाहीये. आमच्या कोल्हापूरकडचीच नेमबाज मंडळी घे, तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड आणलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ. त्या खेळात .22 रायफल म्हटली की अॅन्शुट्झचं नाव येतं, पिस्तूल म्हटलं की पार्डिनी, मोरिनी, हवेत उडवलेल्या तबकड्यांवर मारायची क्ले शॉटगन म्हटली की पेराझी. एका कंपनीचं सगळं घ्यायचं असं तिथे कोणाच्या डोक्यातही येत नाही. मी स्वतः एनसीसीत पहिल्यांदा .22 चालवली तेव्हा रायफल कुणाची होती ते आजही आठवत नाही, खांदा दुखला नाही याचंच नवल वाटलं होतं. इथे आल्यावर मात्र नावाला भुलून एक छोटं पिस्तूल घेतलं, कंपनी सांगत नाही, दर दुसऱ्या मॅगझिनला अडकायचं. नाव मोठं होतं म्हणून दोन वर्षं मीच मला दोष देत राहिले, माझं मनगट ढिलं, माझी पकड चुकीची. शेवटी विकलं आणि दुसरं घेतलं, पकड तीच, मनगट तेच, अडकणं बंद.

खरेदीचा क्रम सांगते. सगळ्यात आधी सेफ. गनच्या आधी. तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट करून, आणि पलंगाजवळ हवं असेल तर बोटाच्या ठशाची किंवा नंबरची छोटी पेटी. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागेल अशी ठेवली तर तो गुन्हा आहे, आणि तुझ्याकडे नऊ वर्षांचा आहे, त्याचे मित्र येतात, वाढदिवस होतात, लपाछपी खेळताना पोरं कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढतात. मग 10/22. वर्षभर तीच, तू पण तीच चालव, लाज वाटून घेऊ नको. मग मॉसबर्ग, एक सप्टेंबरला तुमच्याकडे कबुतरांचा सीझन सुरू होतो (मॅगझिनमध्ये लाकडी दांडी घालून अख्ख्या गनमध्ये मिळून तीनच काडतुसं बसतील असं करावं लागतं, दांडी सोबत येते). मग घरचं पिस्तूल. शिकारीला जायच्या आधी, म्हणजे कबुतरांच्याही आधी, हंटर एज्युकेशनचा कोर्स कर, टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतो. खिशातली सगळ्यात शेवटी, लहान पिस्तूल नवशिक्याला वाटतं सोपं आणि असतं सगळ्यात अवघड, नळी आखूड, झटका जास्त, धरायला जागा नाही. 2021 पासून टेक्सासमध्ये 21 च्या वरच्यांना परवान्याशिवाय बाळगता येतं म्हणून उद्याच बाळगायला हवं असं काही नाही.

एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. ग्रीन कार्ड आल्यावर तुझा मार्ग मोकळा झाला, पण एच-वन-बी, एच-फोर, स्टुडंट, व्हिजिटर अशा व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने गन बाळगता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद सोडले तर. ऑफिसातला एच-वन-बीवाला मित्र "चल ना रेंजवर, मला पण एकदा चालवू दे" म्हणाला तर आधी हे सांग, त्याचं इमिग्रेशन पणाला लागेल. आणि उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने येतात ना, तेव्हा सेफची चावी बाबांकडे ठेवून ऑफिसला जायचं नाही. किती का विश्वासू असेनात. दुकानात जो फॉर्म भरशील तो स्वतःच्या गनसाठी स्वतःच भरायचा, मित्रासाठी म्हणून आपल्या नावावर घेतली तर तो सरळ गुन्हा. भारतात 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच गन ठेवता येतात, तिथे हा कलेक्शनचा प्रश्नच पडला नसता तुला!

बायकोचं. "नाही म्हणाली नाही" म्हणजे हो नाही रे, तुला एवढं तरी कळतंच. पाच गनची यादी तिच्यासमोर ठेवायच्या आधी सेफ कुठे बसवायची ते तिला ठरवू दे, नंबर दोघांनाच माहीत असू दे. मग एकदा रेंजवर ने, पण तुझ्या त्या मित्रांबरोबर नको, ते तिच्या हातात मोठ्यात मोठं पिस्तूल देतील आणि दचकली की हसतील, हे मी इतक्यांदा बघितलंय की सांगू नये. .22 दे, कानावर नीट मफ लाव, दहा गोळ्या, मग जेवायला बाहेर. त्यानंतरही ती नको म्हणाली तर यादीतली खिशातली आणि घरची या दोन आधी खोड, .22 आणि शॉटगनवर ती तडजोड करेल असं मला वाटतं, कारण त्या खेळाच्या वाटतात आणि पिस्तूल भांडणाचं वाटतं.

तर रुगर 10/22, रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज, मॉसबर्ग 500, ग्लॉक 19, आणि पाचवी जागा दोन वर्षं रिकामी ठेव. तुला शेल्फवर एकच शिक्का दिसायला हवा असेल तर टोप्या सगळ्या रुगरच्या घे, स्वस्त पडतात.

आणि खाजगी रानावर हॉगच्या, म्हणजे रानडुकराच्या, मागे गेलास आणि मिळालाच तर मला लगेच कळव, पण त्याचा तांबडा रस्सा करायला जाऊ नको, मी करून बघितलाय, होत नाही.